ईआरसीपी जमली नाही, आता पित्तनळीतला खडा काढायचा कसा? (ग्वाल्हेर)

लष्करकर | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. हॉस्पिटलच्या बाकड्यावरून लिहितोय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, वय ७६. पित्ताशय बऱ्याच वर्षांपूर्वी दुर्बिणीतून काढलेलं आहे, त्यामुळे ‘खडे’ हा विषय आमच्या घरात संपला असंच आम्ही धरून चाललो होतो. गेल्या आठवड्यात थंडी वाजून ताप, मग डोळे पिवळे, लघवी गडद आणि अंगाला अशी खाज की रात्रभर झोप नाही. सोनोग्राफीत पित्तनळी फुगलेली. एमआरसीपीत (पित्तनळीचा एमआरआय) नळीची रुंदी १६ मि.मी., आत १४ मि.मी.चा एक खडा आणि वरच्या बाजूला एक बारका. काविळीचं माप असलेलं बिलिरुबिन ९ च्या वर. ॲन्टिबायोटिक सुरू आहेत, पण ताप पुरता गेलेला नाही.

आज ईआरसीपीसाठी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतला खडा काढायला, आत नेलं. तासाभराने डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “पोहोचताच येत नाहीये.” बाबांचं तरुणपणी अल्सरचं ऑपरेशन झालं होतं, पोटावर उभी खूण आहे. त्यामुळे आतला रस्ता बदललाय म्हणे. आता दोन पर्याय सांगितलेत: पोट उघडून खडा काढा, नाहीतर दिल्लीला न्या. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या चालू असतात. उघड्या ऑपरेशनला आई तयार नाही, खरं तर मीही नाही.

पोट न उघडता आणि तोंडातून न जाता खडा निघतो का? कुणाच्या घरी असं झालंय?

---

बाड्यावरचा | सोमवार, रात्री ११.३२

विचार कसला करताय! पहाटे ॲम्ब्युलन्स करा आणि सरळ दिल्ली गाठा. ग्वाल्हेरात राहून वेळ घालवू नका, हे मी अनुभवाने सांगतो.

---

जुना_चाकू | मंगळवार, सकाळी ६.०५

मी निवृत्त सर्जन. रुग्ण पाहिलेला नाही, त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं एवढ्यासाठीच.

आधी रस्ता का अडला ते. ईआरसीपीत दुर्बीण तोंडातून जठरात आणि पुढे ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, उतरते. तिथे भिंतीवर पॅपिला नावाचा बारीक उंचवटा असतो. पित्तनळीचं तोंड ते. त्यातून तार घालायची, तोंड कापून किंवा फुग्याने मोठं करायचं आणि खडा खाली ओढायचा. १९७०-८० च्या दशकांत अल्सरसाठी पोटाची ऑपरेशनं सर्रास होत, आजच्यासारखी औषधं हाताशी नव्हती. त्यातल्या बिलरोथ-२ प्रकारात जठराचा खालचा भाग काढून टाकतात, ड्युओडेनमचं वरचं टोक शिवून बंद करतात आणि उरलेलं जठर पुढच्या आतड्याला जोडतात. म्हणजे ड्युओडेनमकडे जाणारी सरळ वाटच राहत नाही. आतड्याच्या एका फाट्यातून मागे, उलटं चढत जावं लागतं. तो फाटा लांब असला किंवा पिळलेला असला की दुर्बीण पोहोचत नाही, जोर लावला तर आतडं फाटू शकतं. पोहोचली तरी पॅपिला उलटी दिसते आणि बहुतेक हत्यारं सरळ पॅपिलासाठी घडवलेली असतात. तुमच्या डॉक्टरांनी जोर न करता थांबवलं, हे शहाणपणाचं झालं.

पण जुन्या ऑपरेशनचा कागद शोधा. त्या काळी बऱ्याच जणांचं जठर न काढता नुसतं आतड्याला जोडत असत. तसं असेल तर मूळ वाट कधीकधी शाबूत असते आणि सगळा हिशोब बदलतो. माळ्यावरची ट्रंक, गादीखालची फाइल, काहीही उपसा.

दुसरं. थंडी-ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणं ही तिन्ही एकत्र असतील तर नळीत जंतुसंसर्ग आहे असं धरून चालायचं. इथे दोन कामं वेगळी करा: तुंबलेलं पित्त बाहेर काढणं आणि खडा काढणं. पहिल्याची घाई आहे, दुसऱ्याची नाही. खडा आठवडा-दोन आठवडे थांबू शकतो. तुंबलेलं, पू झालेलं पित्त थांबत नाही. रक्तदाब उतरला, लघवी कमी झाली, माणूस बरळायला लागला तर तासांचा प्रश्न असतो.

बाड्यावरचा, याच कारणासाठी तुमचा सल्ला मला पटत नाही. ताप अंगात असताना, पित्त तुंबलेलं असताना सव्वातीनशे किलोमीटर ॲम्ब्युलन्स पळवायची नसते. निचरा इथे करा, खडा हवा तर दिल्लीत.

उघड्या शस्त्रक्रियेला नावं ठेवणार नाही. मी आयुष्यभर तीच केली आणि आजही काही जणांना तीच लागते. मात्र ७६ वय, संसर्ग, हृदयातला स्टेंट आणि आत जुन्या ऑपरेशनची चिकटलेली आतडी, असं असताना ती पहिली नसावी.

---

लष्करकर | मंगळवार, सकाळी ९.४०

डॉक्टरसाहेब, खूप आभार. कागद सापडला! आईने साड्यांच्या कपाटात जपून ठेवला होता. जयारोग्य रुग्णालयाचं जुनं डिस्चार्ज कार्ड, शाई उडालीय, पण ‘पार्शल गॅस्ट्रेक्टॉमी, बिलरोथ २’ एवढं वाचता येतं. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

---

सुगरण_ग्वाल्हेर | मंगळवार, सकाळी १०.१५

भाऊसाहेब, वाईट वाटलं वाचून. आमच्या सासूबाई खड्यावर कुळथाचं कढण देत, मामेसासऱ्यांचा खडा पडला होता त्याने. शिवाय ऑलिव्ह तेल आणि लिंबू रात्री घेऊन सकाळी हिरवे खडे पडतात, त्याचे व्हिडिओही आहेत. करून बघायला काय हरकत?

---

जुना_चाकू | मंगळवार, सकाळी १०.५०

ताई, हरकत आहे. मामेसासऱ्यांचा खडा बहुधा मूत्रमार्गातला असणार. बारीक असला की तो पुष्कळदा आपसूक पडतो आणि श्रेय कुळथाला जातं. पित्तनळीशी त्या कढणाचा संबंध नाही. तेल-लिंबवाले हिरवे ‘खडे’ म्हणजे पोटात तेलापासून तयार झालेले साबणासारखे मऊ गोळे, तपासून पाहिलं की कळतं. अडलेल्या नळीच्या माणसाला वाटीभर तेल पाजू नका.

उर्सोच्या गोळ्यांचंही कुणी विचारण्याआधी लिहून टाकतो. त्यांनी विरघळतात ते पित्ताशयातले बारीक, कोलेस्टेरॉलचे खडे, तेही पित्ताशय नीट काम करत असेल तरच आणि महिनोन्‌महिने घेऊन. इथे पित्ताशयच नाही. ते काढल्यावर वर्षांनी नळीत जे खडे होतात ते बरेचदा तपकिरी, ठिसूळ, जंतूंमुळे साचलेले असतात. गोळीने ते जात नाहीत.

---

मुरारचा_तंतू | मंगळवार, दुपारी २.२०

मूळचा मुरारचा, सध्या बाहेरगावी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. धागा बहिणीने पाठवला. लष्करकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, निघतो’ असं आहे. तुमच्या डॉक्टरांना ‘पीटीबीडी करता येईल का’ एवढं विचारा, म्हणजे कातडीतून यकृतात सुई घालून पित्ताचा निचरा. जरा सविस्तर सांगतो, कारण नातेवाइकांना हा प्रकार कुणी धड समजावत नाही.

रुग्ण टेबलावर उताणा. उजव्या बरगड्यांमधली जागा सुन्न करतात, थोडं गुंगीचं औषध देतात. पूर्ण भूल बहुतेक वेळा लागत नाही, वयस्कर आणि हृदयाच्या रुग्णांना हा मोठाच फायदा. सोनोग्राफीत बघत बारीक सुई यकृतातल्या फुगलेल्या पित्तशाखेत घालायची, डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून पडद्यावर पित्तनळ्यांचं झाड पाहायचं, सुईतून तार, तारेवरून नळी. साधारण ८ फ्रेंचची नळी घालतात, ३ फ्रेंच म्हणजे १ मि.मी., म्हणजे तीन मि.मी.पेक्षाही कमी जाड. तुमच्या बाबांची पित्तनळी १६ मि.मी. फुगलीय, त्यामुळे सुईला लक्ष्य सापडणं सोपं जावं. न फुगलेल्या नळीत आमचा खरा घाम निघतो.

तार खड्याच्या बाजूने सरकून आतड्यात उतरली तर पित्त दोन्हीकडे वाहतं, बाहेर पिशवीतही आणि आतही. नाही उतरली तर पहिल्या दिवशी हट्ट करायचा नाही. नुसती बाहेरची वाट करून द्यायची आणि बाहेर पडायचं. संसर्ग असलेल्या नळीत जास्त खुडबूड केली, डाय जोराने सोडला, की जंतू रक्तात जातात आणि संध्याकाळी माणूस हुडहुडी भरून पडतो.

खड्याचं काम दुसऱ्या बैठकीत, ताप उतरल्यावर. त्याच वाटेने फुगा नेऊन पॅपिला वरून ताणायची आणि खडा खाली आतड्यात ढकलून द्यायचा, शौचावाटे निघून जातो. ईआरसीपीत खडा ओढतात, इथे ढकलतात. बिलरोथ-२ असो की वजन घटवण्याचं बायपास ऑपरेशन असो, वरून येणाऱ्याला फरक पडत नाही. १४ मि.मी.चा खडा मात्र अखंड ढकलण्यापेक्षा फोडलेला बरा. त्यासाठी वाट हळूहळू १६ फ्रेंचच्या आसपास रुंद करतात, ती पक्की व्हायला थोडे दिवस देतात आणि त्यातून बारीक दुर्बीण घालून लेझरने किंवा विजेच्या ठिणगीने खडा फोडतात. मग तुकडे ढकलायचे, धुवायचे. नळी काही दिवस ठेवून पुन्हा डाय घालून बघायचं. स्वच्छ दिसलं की ती काढायची.

आता धोके. यकृतातून जातोय, म्हणून रक्तस्राव हा पहिला. पित्त पोटात झिरपणं, जंतुसंसर्ग भडकणं, क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा. आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) साधारण १.५ च्या आत आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असावेत ही आमची अपेक्षा. काविळीत व्हिटॅमिन के नीट शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून त्याची इंजेक्शनं आधी देतात. क्लोपिडोग्रेल एरवी पाचेक दिवस आधी थांबवतो. पण नळी पुवाने भरली असेल तर पाच दिवस कुणी थांबत नाही. हृदयातला स्टेंट किती जुना आहे ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून निर्णय घेतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

---

गोपाचल | मंगळवार, दुपारी ४.०५

उत्तम माहिती. थोडक्यात काय, हत्तीपोळेच्या दरवाजाकडून किल्ला चढता येत नसेल तर उरवाईच्या दरवाजाने जा, किल्ला तोच!

जाता जाता, हौशी माणूस म्हणून थोडा इतिहास. पॅपिलात नळी घालून डाय सोडण्याचं काम पहिल्यांदा छापून आलं १९६८ मध्ये, अमेरिकेत. त्या तोंडाला चीर देऊन खडा काढणं जर्मनी आणि जपानमध्ये १९७४ ला, जवळजवळ एकाच वेळी. आपल्याकडे दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची सुरुवात डॉ. तेहेमटन उदवाडियांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. लष्करकरांच्या बाबांचं अल्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा पुढे कुणी त्याच वाटेने दुर्बीण घालू पाहील, हे त्या सर्जनच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

---

दौलतगंजची_सून | मंगळवार, रात्री ९.३०

आमच्याकडे वेगळा मार्ग झाला, म्हणून लिहिते. माझी आई इंदूरला असते. तिचं पित्ताशय जागेवर होतं, त्यात खडे, आणि दोन-तीन नळीतही उतरलेले. ईआरसीपीत तोंड सापडेना, कारण पॅपिलाच्या शेजारी आतड्याच्या भिंतीला पिशवीसारखा फुगवटा होता आणि तोंड त्याच्या काठावर आत वळलेलं. तिथल्या सर्जननी सुचवलं की पित्ताशय काढायचंच आहे, तर त्याच बैठकीत दुर्बिणीने नळीही साफ करू.

मला समजलं ते असं. खडे बारीक आणि थोडे असतील तर पित्ताशयाच्या देठातूनच बारीक दुर्बीण आणि जाळीची टोपली आत घालतात, मुख्य नळीला चीर द्यावी लागत नाही. आईचे खडे मोठे निघाले, म्हणून नळीला छोटी चीर दिली, खडे काढले, आत दुर्बिणीने वर-खाली बघितलं. नळी चांगली रुंद असेल तरच चीर देतात, अरुंद नळी शिवल्यावर आवळू शकते म्हणे. तिला टी-ट्यूब, म्हणजे पित्त बाहेर पिशवीत आणणारी टी आकाराची नळी, ठेवली होती. बऱ्याच ठिकाणी आता थेट शिवून टाकतात.

ती ट्यूब मात्र कंटाळवाणी. घरी आल्यावरही पिशवी, कडेने चिकचिक, कुशीवर झोपायची चोरी. मधे डाय घालून फोटो काढला, नळी मोकळी दिसली, आणि ट्यूब निघाली ती ऑपरेशननंतर तीनेक आठवड्यांनी. पोटावर चार टाक्यांच्या खुणा एवढंच उरलं. लष्करकर, तुमच्या बाबांना हे चालेल का, माहीत नाही.

---

जुना_चाकू | मंगळवार, रात्री १०.१०

ताईंच्या आईंसाठी योग्यच झालं. पित्ताशय जागेवर, तब्येत धड, सर्जनचा हात बसलेला, तर एका भुलीत दोन्ही कामं. लष्करकरांच्या बाबांना पित्ताशयाचा देठ उरलेला नाही आणि पोटात आधीची दोन ऑपरेशनं. अनुभवी सर्जन तरीही करतात, पण माझी पसंती तंतूंच्या वाटेला.

टी-ट्यूबबद्दल एक भर. तिचं नाव निघालं की लोक तोंड वाकडं करतात. पण एखादा खडा मागे राहिला तर तिच्याच वाटेने, चार ते सहा आठवड्यांनी वाट पक्की झाल्यावर, पुन्हा न कापता तो काढता येतो. मी ती ठेवली की रात्री शांत झोपत असे.

---

बाड्यावरचा | बुधवार, सकाळी ८.१५

सगळं कबूल. पण मी दिल्ली म्हणालो त्यामागे कारण आहे. माझ्या काकांना एका ठिकाणी ईआरसीपीत खडा निघाला नाही म्हणून प्लॅस्टिकचा स्टेंट टाकून घरी पाठवलं. कावीळ उतरली, आम्ही खूश. स्टेंट काढायचा असतो हे डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत, तेही इंग्रजीत. वर्ष उलटून गेल्यावर परत ताप, स्टेंट तुंबलेला, त्याच्याभोवती नवा खडा जमलेला. शेवटी दिल्लीतच सुटका झाली. सगळं एका छताखाली असलं की असं होत नाही, एवढंच म्हणणं.

---

मुरारचा_तंतू | बुधवार, सकाळी ८.५०

छत कुठलंही असो, असं होतं. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बदलावा किंवा काढावा लागतो. घरातल्या कॅलेंडरवर तारीख घाला, डिस्चार्जच्या कागदाच्या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या बैठकीसाठी मोठी जागा लागते, यावर मात्र तुमच्याशी सहमत. नळी टाकणारे पुष्कळ आहेत. त्या वाटेने दुर्बीण आणि लेझर वापरणारे कमी. फोनवर विचारताना ‘पीटीबीडी होते का’ हा प्रश्न पुरेसा नाही, ‘पोटातून दुर्बीण घालून खडा फोडता का’ असं विचारा. मोठ्या संस्थांत फुग्याच्या लांब दुर्बिणीने, म्हणजे बलून एन्टरोस्कोपने, उलट वाटेवरूनही ईआरसीपी करतात. तेही विचारून ठेवा.

---

थाटीपूरकर | बुधवार, दुपारी १२.३०

खर्चाचं कुणी बोललं नाही. बाबा ७० च्या वर आहेत ना? मग उत्पन्न कितीही असो, सरकारी उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधारवर वय बरोबर असलं की झालं. कुठली प्रक्रिया कुठल्या पॅकेजात बसते ते ॲडमिट होण्याआधी हॉस्पिटलातल्या आयुष्मान मित्राकडून वदवून घ्या. नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो.

---

लष्करकर | शुक्रवार, रात्री १०.४५

उशिराबद्दल क्षमस्व. बुधवारी संध्याकाळी इथेच पीटीबीडी झाली. आधी व्हिटॅमिन के दिलं, हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. बाबांचा स्टेंट जुना असल्यामुळे क्लोपिडोग्रेल थांबवली, ॲस्पिरिन चालू ठेवली. आयएनआर बघून लगेच आत घेतलं. बाबा पूर्ण शुद्धीत होते, बाहेर आल्यावर म्हणाले, “सुई टोचली एवढंच, बाकी ते आपसात क्रिकेटबद्दल बोलत होते.” पहिल्या रात्री खरंच हुडहुडी भरली, तंतूंनी सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. पिशवीत आधी गढूळ, काळपट हिरवं आलं, आता सोनेरी पिवळं येतंय. ताप नाही. बिलिरुबिन उतरतंय. तार खड्याच्या पलीकडे गेली नाही, त्यामुळे सध्या सगळं पित्त बाहेरच.

दिल्लीतल्या एका सरकारी संस्थेत रिपोर्ट दाखवून आलोय, ते दुसरी बैठक करायला तयार आहेत. तोवर नळी घरी सांभाळायची कशी? आणि बाबा बहादुराच्या लाडवांचं टुमणं लावून बसलेत.

---

मुरारचा_तंतू | शनिवार, सकाळी ७.४०

छान झालं. पिशवी कायम कमरेच्या खाली. रोज किती मि.ली. आलं आणि रंग कसा, वहीत लिहा. सगळं पित्त बाहेर पडतं तेव्हा त्याबरोबर पाणी आणि क्षारही जातात, म्हातारी माणसं त्याने गळून जातात. ओआरएस किती द्यायचं ते हृदय आणि मूत्रपिंड बघून तुमचे डॉक्टर सांगतील. सलाइनने नळी धुवायला शिकवलं असेल तर हात साबणाने धुऊन, हळू ढकला. अडलं तर जोर नको. मागे ओढून घेऊ नका. नळीवर कातडीपाशी पेनाने खूण करा, ती सरकलेली दिसली, पिशवीत अचानक काहीच येईना, रक्त आलं किंवा थंडी वाजली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. आंघोळीला जागा झाकून घ्या. धोतर किंवा सैल पायजमा, इलॅस्टिक नळीवर येऊ देऊ नका.

लाडू तूर्त नको. पित्त आतड्यात जातच नाहीये, तूप पचणार कशाने?

---

दौलतगंजची_सून | शनिवार, सकाळी ९.००

झोपताना पिशवी पलंगाला सेफ्टीपिनने अडकवू नका, कूस बदलली की ओढ बसते. आम्ही कापडी थैली शिवून बाहेरच्या कमरपट्ट्याला लावली होती. हवी असेल तर देते, धुऊन ठेवलेली आहे.

---

लष्करकर | पुढच्या महिन्यात, रविवार

मंडळी, काम झालं. दिल्लीला वाट रुंद केली, मग दुर्बिणीतून लेझरने मोठा खडा फोडला, पॅपिला फुग्याने ताणून तुकडे खाली लोटले. बारका खडा धुण्यातच वाहून गेला. एका बैठकीत पुरतं नाही झालं, एक तुकडा राहिला होता, तो पुढच्या खेपेला निघाला. शेवटच्या डायच्या फोटोत नळी मोकळी, ड्रेन काढला, भोक दोन दिवस झिरपलं आणि बुजलं. क्लोपिडोग्रेल हृदयाच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून परत सुरू. फुटलेला खडा तपकिरी, बोटाने चुरडणारा होता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. जुना_चाकू साहेब म्हणाले होते तसाच. पुन्हा होऊ शकतात, म्हणून अधूनमधून सोनोग्राफी आणि लिव्हरच्या रक्ततपासण्या करायला सांगितल्यात.

दौलतगंजच्या ताई, थैली आईने धुऊन ठेवलीय, उद्या कंपूला जाताना देतो. बिलरोथचा तो जुना कागद लॅमिनेट करून त्याची प्रत बाबांच्या पाकिटात घातली.

---

छावणीकर_७७ | रविवार, रात्री ८.२०

अभिनंदन! माझ्या आत्याला लिव्हरच्या आतल्या शाखांमध्ये खडे आहेत, डाव्या बाजूला. ईआरसीपी दोनदा फसली. त्यांनाही हेच करता येईल का?

---

जुना_चाकू | रविवार, रात्री ८.४५

आतल्या शाखांचे खडे हे प्रकरण वेगळं आहे. तिथे नळी कुठे आवळली आहे का, डावा भाग सुकलाय का, हे आधी बघतात आणि कधीकधी यकृताचा तेवढा भागच काढावा लागतो. नवा धागा काढा. एमआरसीपीचा रिपोर्ट टाका, नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून.